पंचेचाळिसात सदतीस

मित्रांनो, मी एक जुना इन्क्युबेटर आहे. आणि आज माझ्या पत्र्याच्या पोटात आनंद मावत नाही!

पंधरा वर्षं मी अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत पेशी उबवतो आहे. सदतीस अंश, माणसाच्या अंगाइतकी ऊब. पूर्वी काय कौतुक व्हायचं माझं! मग नवी चकचकीत यंत्रं आली आणि मी कोपऱ्यात गेलो. डोक्यावर खोकी रचली हो लोकांनी! शेवटी इथे संशोधन करणाऱ्या चारुताने मला पुसूनबिसून पुन्हा कामाला लावलं.

चारुता तेल्हाऱ्याची. तिचे वडील वामनराव आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिसला जातात. माझ्या पोटातल्या बशीत ती मूत्रपिंडाच्या पेशी वाढवत होती. त्यांच्यापासून बारीक नळ्या कशा घडतात आणि इजा झालेली नळी स्वतःला कशी सांधते, हे तिला पाहायचं होतं. वामनराव फोनवर विचारायचे, "काय वं पोरी, माही नवी किडनी उगवली का?"

"नाही बाबा, किडनी कशी बनते, थे शिकून राहिली मी."

परवा तिने त्या नळ्यांना औषधाने मुद्दाम इजा केली. सांधतात की नाही, ते आज कळणार होतं. आणि काल, मे महिन्याच्या भर दुपारी, खोलीतला एसी बंद पडला! बाहेर पंचेचाळीस. मला तापवता येतं, गार करता येत नाही. खोलीच तापली तर मी बापडा काय करणार? माझा आकडा अडतीसवर गेला. अजून चढला असता तर पेशींचा खेळ खलास! माझा जीव नुसता टांगणीला लागला.

तिचा सहकारी शुभम धावत कूलर घेऊन आला.

"ने थो बाहेर!" चारुता ओरडली. "त्याच्या हवेनं बुरशी येईन!"

वऱ्हाडात मे महिन्यात कूलर हाकलून देणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. पण मग करायचं काय? तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या जाईबाई पुढे आल्या.

"ताई, माठाले ओलं फडकं गुंडाळतो ना, तसं याले गुंडाळू. फडके तुमच्या वाफेच्या कुकरमंदी उकळून घ्या, मंग कायची बुरशी?"

"मावशी, हे मले काहून नाही सुचलं!"

वायरची मागची बाजू सोडून मला तिन्ही बाजूंनी उकळून गार केलेली फडकी लपेटली. वर पंखा लावला. अहाहा, काय गार वाटलं! साडेसदतीस... सदतीस! शुभमने शिट्टीच मारली. एसीवाला येईपर्यंत जाईबाई चार तास फडकी भिजवत होत्या.

आज सकाळी चारुताने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि ती किंचाळलीच, "सांधली! नळी सांधली!" मग जाईबाईंना ओढून म्हणाली, "मावशी, पाहा तुमी."

जाईबाईंनी एक डोळा मिटला. "एवढुशी हाये, पण लय जिद्दी हाये!"

लगेच तेल्हाऱ्याला फोन लागला. "बाबा, किडनी बनाले लय वर्ष लागतीन. पण इजा झालेली नळी सांधते, मी माह्या डोळ्यानं पाहिलं."

 वामनराव म्हणाले, "लागू दे वर्ष. मी टिकून राहतो. तू शिक."

मित्रांनो, जुन्या यंत्राला भंगारात काढण्याआधी एकदा पुसून पाहा. अडलं तर जाईबाईंसारख्यांना विचारायला लाजू नका. आणि माझं दार उघडलंत तर लगेच लावा रे, ऊब जाते. तिकडे वामनराव वाट पाहत आहेत.