आधी माझं ताट

माझी सून संशोधक आहे, हे माझं भाजीवाल्यालासुद्धा सांगून झालंय. बायकांच्या खाण्यापिण्याचा कॅन्सरच्या धोक्याशी काय संबंध आहे, ते ती शोधते. "एखाद्या पदार्थाने काही ठरत नाही, आई. वर्षानुवर्षांची सवय बघावी लागते," असं म्हणते.

बायकांना विचारायचे प्रश्न तिने आधी माझ्यावरच तपासले. "या आठवड्यात काय काय खाल्लंत?" मी तोऱ्यात सांगितलं, रोज पालेभाजी, डाळ, फळं. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणारा अजून जन्माला यायचाय!

तिने पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही रांधलंत. तुमच्या ताटात काय पडलं?"

मला रागच आला. सुनेने सासूची उलटतपासणी घ्यायची? पण खोटं बोलणं माझ्या रक्तात नाही. पालेभाजी मुलाने संपवली होती, फळं आमच्या ह्यांनी. मी उभ्याउभ्या शिळा भात खाल्ला होता आणि वर चहा ढोसला होता.

"म्हणजे सगळ्याच जणी मला रांधलेलंच सांगणार," ती म्हणाली आणि तिने प्रश्नच बदलला: 'तुमच्या स्वतःच्या ताटात काय पडलं?'

परवा संशोधकांनी भरलेल्या सभागृहात तिने तो प्रश्न पडद्यावर दाखवला. कुणीतरी विचारलं, हे सुचलं कसं?

"माझ्या सासूबाई खरं बोलल्या म्हणून."

पहिल्या रांगेत मी अशी ताठ बसले, की मागच्याला पडदा दिसेना.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी पालेभाजी आधी माझ्या ताटात वाढून घेतली. आमचे हे बघतच राहिले.

"बघताय काय? संशोधन चाललंय," मी म्हटलं, आणि आणखी वाढून घेतली.