वाटून दिलेले प्रश्न

“बाई, चुकीचं उत्तर मीच का द्यायचं? दुसऱ्या कुणाला सांगा ना!” वर्गात पहिला येणारा मुलगा रडकुंडीला आला होता.

“अरे, मुलं चुकतात आणि मग आपणच शोधून काढतात, हे तपासणीच्या साहेबांना दिसायला नको का?” विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. “तू विसरणार नाहीस, म्हणून तुला दिलंय.”

शोधातून शिकवायची ही नवी पद्धत वरून आली होती. प्रश्न मुलांनी विचारायचे, बाईंनी नुसती वाट दाखवायची. ऐन तपासणीत फजिती नको, म्हणून बाईंनी प्रश्न आधीच वाटून टाकले होते. शिंप्याच्या मुलीला मात्र एकही दिला नव्हता. ती एरवीच प्रश्न विचारून डोकं खायची.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब येऊन मागच्या बाकावर बसले. बाईंनी ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती पेटवली आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घातला. ज्योत विझली, पाणी पेल्यात चढलं. ठरलेले हात वर झाले. पहिल्या नंबराने औषध प्यायल्यासारखं तोंड करून चुकीचं उत्तर दिलं. मग प्राणवायू जळून संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली, हे उत्तर बिनबोभाट सापडलं.

तेवढ्यात शिंप्याची मुलगी उभी राहिली. “बाई, पण जळत होती तेव्हा पाणी चढलंच नाही. विझल्यावर एकदम चढलं. असं का?”

इतकी वर्षं हा प्रयोग करून दाखवला, पण हे कधी बाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. उत्तर तर मुळीच ठाऊक नव्हतं.

“खाली बस! तुला कुणी विचारलंय का?”

वर्ग खी खी हसला. साहेब शेरा लिहिण्यात गुंग होते. जाताना म्हणाले, “वा, बाई! तुमची मुलं किती धीटपणे प्रश्न विचारतात!”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जाऊन त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुन्हा पुन्हा मेणबत्ती पेटवून पाहिली.

“अगं, दिवे आहेत की घरात!” सासूबाई म्हणाल्या.

बाईंचं लक्ष नव्हतं. पोरीचं दर वेळी बरोबर निघत होतं. आपल्या भित्रेपणाची त्यांना मनापासून लाज वाटली.

सकाळी ताटली, पेला घेऊन त्या वर्गात आल्या. “काल माझं चुकलं,” सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या. “हिने विचारलं त्याचं उत्तर मला येत नाही. आज आपण मिळून शोधू. ऊठ बाळा, तुला हवं ते विचार.”

मुलगी उठली. आधी तिने पोरांकडे पाहिलं, मग खाली.

“कोणता विचारू, बाई?” ती हळूच म्हणाली. “तुम्ही सांगा ना. मी पाठ करून येते.”

बाईंच्या हातातली पेटती काडी मेणबत्तीपर्यंत पोहोचलीच नाही.