माझं पोट भरलेलं होतं

मी एक जुना मनगटी पट्टा आहे, मित्रांनो. घड्याळ म्हणू नका हं, वेळ सांगणं हे माझं काम नाही. मी ठोके मोजतो.

मला घडवणारी बाई मोठी हौशी होती. "याला चार्जर नको," ती सगळ्यांना सांगायची, "अंगाची ऊब आणि हाताची हालचाल, यावरच हा जगतो. आणि ज्याच्या हातावर बसेल त्याचे ठोके हा शिकून घेतो." हुशार म्हणून माझं केवढं कौतुक झालं!

डॉक्टरांनी मला एका आईच्या मनगटावर बांधलं. तिच्या हृदयाचे ठोके मधूनच चुकायचे. खाली मुलाचं सुतारकामाचं दुकान, वर दोन खोल्या. मुलगा खुर्च्यांचे सांगाडे करी, आई वेताने बैठका विणी. वेत ओढताना तिचा हात असा काही चाले की माझी चंगळच. ठोके बिघडले तर मी मुलाच्या आणि परगावच्या लेकीच्या फोनवर ओरडायचं, असं ठरलेलं होतं. एकदा मी ओरडलोही. मुलगा हातातला रंधा टाकून धावला. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. "लेका, तू माझा धाकटा," ती मला म्हणाली. मला फार बरं वाटलं.

पण त्यानंतर डॉक्टरांनी विणकाम बंद केलं. आई पडून राहू लागली. हात थंड, हालचाल नाही. माझा हिरवा दिवा मंद झाला आणि तिचा जीव कासावीस झाला.

"अरे, हा उपाशी मरतोय," ती मुलाला म्हणाली.

"आई, अंगाच्या उबेवर भागतं त्याचं."

"भागण्यानं कुणाचं पोट भरतं? तू दिवसभर रंधा मारतोस. सकाळी तू घाल, संध्याकाळी मला दे."

आईपुढे कुणाचं चालतं? मुलगा मला घालू लागला. बहिणीला उगाच घोर नको, म्हणून तिला काही कळवलं नाही. मी मात्र जेवून जेवून सुस्त झालो. सुरुवातीला ते दणकट ठोके मला परके वाटले. पण शिकणं हा माझा स्वभाव. आईच्या अंगात जोर आला असेल, असं मी समजलो आणि तेही ठोके तिच्या नावावर मांडून टाकले. जळो ती हुशारी.

त्या दुपारी मुलगा खाली फळी तासत होता. मी त्याच्या मनगटावर होतो. लेकीनं फोन उघडून पाहिला, तेव्हा मी तिला सांगितलं, "आई ठीक आहे." तिनं फोन केला नाही. मुलगा चहा घेऊन वर गेला, तेव्हा आई गेलेली होती.

लेक आली ती दारातच भावावर कोसळली. "मी पाहिलं होतं रे दुपारी. किती छान होते ठोके!"

भावानं बाही वर केली. मी तिथे हिरवागार दिवा लावून बसलो होतो. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं भावाचं तेच मनगट दोन्ही हातांत धरलं आणि दोघं खूप रडली.

आता मी दुकानातल्या खिळ्यावर टांगलेला असतो. कुणी मला हात लावत नाही, आणि मी तक्रार करत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आजारी असेल आणि माझा एखादा भाऊबंद तुमच्याकडे आला, तर त्याला त्याच माणसाच्या हातावर राहू द्या. त्याच्या पोटाची काळजी करू नका. त्या दुपारी मी उपाशी मेलो असतो, तर लेकीच्या फोनवर काहीच दिसलं नसतं. मग तिनं घाबरून भावाला फोन केला असता, आणि कुणीतरी जिना चढून आईकडे गेलं असतं.