पळत सहा

...स्टेपलरची पिन एका बाजूने नीट बसलीच नव्हती, आणि मुग्धाचा अंगठा मघापासून तिच्या वर आलेल्या टोकावरून फिरत होता. ईशाच्या शाळेने दिलेले दोन कागद – वरचा संमतीपत्राचा, खालचा शिओउराचा. शिओउरा म्हणजे जपानच्या किनाऱ्यावरचं एक छोटं शहर. ईशाचा वर्ग तिथे दोन आठवडे राहायला जाणार होता, आणि तिथल्या मुलांनी आपल्या शहराची माहिती स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत लिहून पाठवली होती. सही आजच हवी होती. आठवडाभर 'वाचतेय' म्हणत मुग्धाने चालढकल केली, आणि आता ऑकलंडच्या अल्बनी उपनगरातल्या या स्वयंपाकघरात सबबीही संपल्या होत्या.

संमतीपत्रात एक रकाना होता – मुलीला कशाची भीती वाटते का? ईशाने लिहिलं होतं, 'मला नाही. ममला हीप्स.' हीप्स, म्हणजे ढिगाने.

पंधरा वर्षांच्या पोरीने आईची अब्रू अशी थेट जपानला पाठवावी... मुग्धाला हसू आलं, आणि पाठोपाठ रागही, कारण ते खरंच होतं. सात वर्षांपूर्वी क्राइस्टचर्चच्या भूकंपात फार्मसीतल्या बाटल्या अंगावर आल्या तेव्हा ती जी धावत सुटली ती ईशाच्या शाळेपर्यंत – फुटलेल्या रस्त्यांवरून, चिखलातून, अर्धा तास की दोन तास, आजही तिला सांगता येत नाही – आणि आठ वर्षांची ईशा मैदानात बसून सफरचंद खात होती. "मम, युअर शू," म्हणाली. मुग्धाच्या एका पायात चप्पलच नव्हती. पोर खुदखुदून हसली. त्या दिवसाची सगळी भीती अशी एकटीच्या पदरात पडली. मग ऑकलंड, मग हे उंचावरचं घर... आणि समुद्रावर गेलं की ईशा तिच्या बाबाबरोबर, नितीशबरोबर पाण्यात, मुग्धा गाडीत. झालं गेलं विसर, नितीश म्हणायचा. जसं काही ती मुद्दाम आठवत बसली होती.

तिने पान उलटलं. लोकसंख्या अडतीस हजार, पूर्वी त्रेचाळीस. कालवं प्रसिद्ध. २०११मध्ये समुद्र आत आला – आपल्या भूकंपानंतर जेमतेम अडीच आठवड्यांनी, तिच्या मनात आलं. कृपया आमच्या समुद्रावर रागावू नका. शाळेपासून टेकडी – चालत अकरा मिनिटं, पळत सहा.

"मम, डिड यू साइन इट?" ईशा दप्तर खांद्याला अडकवत आली.

"तिकडे काही झालं तर गं?"

"देन आय विल रन. सिक्स मिनिट्स. इट सेज सो."

किती सहज म्हणाली. पण सहा हे कळलं कसं? कुणीतरी पळालं असणार. घड्याळ लावून, धापा टाकत, त्याच रस्त्याने पुन्हा... एखादी आईच असेल. पहिल्यांदा पळाली तेव्हा तिने कुठे मोजलं असेल, आणि तेव्हा ती पोचली का, वेळेत पोचली का – हे कागदावर नव्हतं. आणि तरीही तिथेच राहते ती, कालवं विकत घेते, परक्या मुलींसाठी अंथरुणं घालते, त्यांना रस्ता दाखवते. मुग्धाला त्या बाईशी बोलावंसं वाटलं, आत्ताच्या आत्ता, कुठल्याही भाषेत.

"मम, आय'म लेट."

"हो गं," ती म्हणाली. पेन हातात होतं. भीती होती तेवढीच होती; फक्त सात वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, की धावणाऱ्या आपण एकट्याच नव्हतो, आणि एवढ्यानेच तिला रडू यायला लागलं.