कपाळाशी थांबलेलं बोट

श्रावणातल्या कोरड्या, पांढुरक्या उन्हात गयाआत्याच्या उजव्या हाताची अनामिका लाल दिसू लागली, की नागपंचमी आली असं आम्ही समजायचो. दारोदार बायकांना कुंकू लावून फेराचं आवतण देता देता तो रंग तिच्या त्वचेत मुरून जाई, आणि कितीही भांडी घासली तरी आठवडाभर उतरत नसे.

दुष्काळानं मेंढरं विकायला लावली आणि वैजापूरकडच्या, सोयगावकडच्या कितीतरी बाया शहराच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत येऊन राहिल्या. पंचमीला जायला माहेर उरलं नव्हतं, कारण माहेरची माणसंही अशीच कुठंतरी पांगलेली. त्यांच्यासाठी आत्यानं आमच्या वस्तीमागच्या माळावर, वारुळाभोवती फेर धरायला सुरुवात केली. ती गाऊ लागली, की टाळ्यांचा आणि पावलांचा एकच संथ नाद माळभर पसरे, आणि टँकरमागे धावून आंबलेल्या त्या चेहऱ्यांवर घटकाभर पोरपण परत येई. पुढं माळावर प्लॉट पडले, वारूळ गेलं, फेर एका इमारतीच्या पार्किंगमध्ये आला. आत्याचं लाल बोट मात्र दारोदार फिरतच राहिलं.

मग आत्याचे यजमान, क्रांती चौकातल्या एका दुकानावर रखवालीला असलेले आमचे मामा, वारले. त्या वर्षी तिनं कुंकवाचा करंडा माझ्या हाती दिला. विधवेनं कुंकू लावू नये हा रिवाज तिनं कुणी न सांगताच स्वतःवर ओढून घेतला होता. मला त्याचा संताप आला, अजूनही येतो.

"आवतण फोनवर टाक," ती म्हणाली. "फोनात कपाळ कुणाला दिसत नाय."

मी चित्र केलं, दिवस आणि जागा लिहिली, सोबत तिच्या आवाजातलं गाणं जोडलं आणि सगळ्या ग्रुपवर पाठवून दिलं. शहरभरच्या लेकीसुनांचे होकार दिवसभर येत राहिले. मी ते वाचून दाखवत असताना आत्या हसत होती, पण बोटाकडं पाहत होती.

राहिली सखूमावशी. आत्याबरोबर एकाच रानात मेंढरं राखत वाढलेली, आणि फोन नसलेली. तिच्या दाराशी आम्ही दोघी गेलो. मी करंडा उघडला, तशी तिनं माझा हात हलकेच बाजूला केला आणि आत्यापुढं कपाळ वाकवलं.

"तुझ्या हातचं लाव, गया. तरच येईन."

आत्यानं बोट कुंकवात बुडवलं. ते सखूमावशीच्या कपाळाजवळ गेलं आणि तिथंच थांबलं.

"तुझा धनी जित्ता हाय, सखू. मला नाय जमायचं."

बोट तिनं पदराला पुसलं, आणि आम्ही परत फिरलो.

पंचमीला पार्किंग भरून गेलं. फोनवरच्या बोलावण्याला एवढ्या बाया येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. आत्या खांबाशी उभी राहून गात होती, नजर फाटकाकडं. फेरात तिनं एका बाईची जागा मोकळी सोडायला लावली होती. ती जागा गाण्याबरोबर, टाळ्यांबरोबर, सगळ्यांसारखीच गोल फिरत राहिली आणि शेवटपर्यंत रिकामी राहिली.

पुढची पंचमी आत्यानं पाहिली नाही. ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी ती गेली.

यंदा श्रावण लागल्यावर मी करंडा घेऊन एकटीच सखूमावशीकडं गेले. तिनं चहा दिला, जवळ बसवलं, करंडा मात्र उघडू दिला नाही.

"राहू दे, बाळा," भुवयांच्या मध्ये हात नेत ती म्हणाली. "गयाचं बोट आजून इथंच हाय. ते टेकलं की येईन."

फोनवरचं बोलावणं आता क्षणात कितीतरी घरांत पोचतं. हे एक आवतण मात्र दोन मैत्रिणींमधल्या बोटभर अंतरात थांबून राहिलं आहे, आणि काळ कितीही पुढं गेला तरी ते अंतर आता कुणालाच ओलांडता येणार नाही.