चकती निवेपर्यंत

रेश्माचा एक डोळा थर्मामीटरवर होता, एक दारावर. मागच्या खेपेला बाळंतपणात भौतिकशास्त्राचं प्रॅक्टिकल हुकलं होतं. आज सुटलं की बी.एस्सी. पदरात. बाहेर व्हरांड्यात सासूबाई, रंगूबाई, पाच महिन्यांच्या राजनंदिनीला घेऊन बसल्या होत्या. पोर वरचं दूध तोंडात घेत नव्हती आणि बिरवाडीहून निघून तीन तास झाले होते.

वाफेवर तापवलेली पितळी चकती दोऱ्यांनी टांगलेली. ती आपली आपण कशी निवते, ते दर अर्ध्या मिनिटाला टिपायचं. चौऱ्याऐंशी. त्र्याऐंशी. ब्याऐंशी.

तेवढ्यात शिपाई भागोजीकाका परीक्षकांना सरबत घेऊन आले. "सायेब, पार भिजलाव की घामानं!" म्हणत त्यांनी खटकन पंखा लावला.

साडेएकोणऐंशी. सत्त्याहत्तर.

रेश्माने वर पंख्याकडे पाहिलं. वारा चकतीची उष्णता ओढून नेत होता. निवण्याचा वेग वाढून उत्तर दुपटीहून जास्त येणार. पण मुंबईहून आलेल्या परीक्षकाला उकडत बसा कसं म्हणायचं? मार्क त्यांच्याच हातात. आकडे मनानेच बसवावेत? बाहेरची कुरकुर आता रडणं झाली होती.

तिने खोडरबर उचललं, परत ठेवलं.

"सर, पंखा बंद करू का? चकतीला वारा लागतोय. परत तापवावी लागेल."

"अगो, पावणं हायत ते!" भागोजीकाका डोळे वटारून म्हणाले.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "करा बंद. पण एक वाजता जर्नल घेणार. मिनिटभरही थांबणार नाही."

साडेबारा. तापायला दहा मिनिटं. पंखा बंद करून तिने वाफ सुरू केली. "काका, पारा पंच्याऐंशीवर आला की हाक मारा," म्हणत ती व्हरांड्यात धावली.

"तापत ठेवून आलीस?" नात तिच्या मांडीवर देत रंगूबाई म्हणाल्या. "उतू गेला म्हंजे गो?"

"ते उतू जात नाही, आई."

तरी तिचे कान आतच होते. पोर पीत होती, घाईघाईने, नाक फुरफुरवत. अर्धवट पोट भरतंय तोच दारातून आवाज आला, "गो पोरी, पंच्याऐंशी!"

मागून पुन्हा रडणं. तिने मान वळवली नाही. चौऱ्याऐंशी. त्र्याऐंशी. ब्याऐंशी. एक्याऐंशी.

परीक्षकांनी समोरच्या गठ्ठ्यातलं एक जर्नल उचललं आणि वारा घ्यायला लागले.

"सर… तेही नको."

जर्नल खाली ठेवून त्यांनी रुमाल काढला.

ऐंशी. बाहेर एकदम शांत झालं. झोपली असेल, झोपलीच असेल, असं स्वतःला बजावत तिने पुढचा आकडा लिहिला.