सोजरबाईची मजुरी

न्हावऱ्यावरून आलेली एसटी दौंडच्या स्टँडवर थांबली, तेव्हा बेलसरे वकिलांना जागेवरून उठावंसं वाटेना. शिरूरच्या कोर्टात त्यांची जेमतेम पण सवयीची वकिली होती. दौंडला त्यांचं हे एकच काम, आणि तेही फुकटातलं. इथल्या वकिलांपैकी कोणी ते घेतलं नव्हतं. फिर्यादी सर्जेराव सोसायटीचे चेअरमन होते, आणि सोसायटीचं कर्ज लागणारी शेती वकिलांनाही होती.

आरोपी मच्छिंद्र सोनवणे रेल्वेत हंगामी गँगमन होता. त्याची आई सोजरबाई मागच्या सुगीत सर्जेरावांच्या रानात ज्वारी काढायला गेली होती. मजुरी म्हणून एक पोतं ज्वारी ठरली होती. मळणी झाली तरी पोतं मिळेना. तेव्हा एका सकाळी मच्छिंद्र खळ्यावर गेला, सगळ्यांच्या देखत पोतं पाठीवर घेतलं आणि घरी आणलं. सर्जेरावांनी चोरीची फिर्याद दिली. आता शिक्षा झाली तर रेल्वेत कायम होणं दूरच, होती ती नोकरीही जाणार होती.

मजुरी ठरल्याला साक्षीदार एकच, सोबत काढणीला असलेली कस्तुराबाई. मागच्या तारखेला ती पिंजऱ्यात उभी राहिली, सर्जेरावांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "मला काय ठावं न्हाई." बेलसऱ्यांना तिचा राग आला नाही. तिला पुन्हा त्याच रानात खुरपायला जायचं होतं.

पण त्याआधी सर्जेरावांच्या उलटतपासात एक गोष्ट हाती लागली होती. बेलसऱ्यांनी सहज विचारलं होतं, गावकीची कामं करणाऱ्या घरांना पूर्वी सुगीला खळ्यावरून धान्याचा वाटा मिळत असे ना? बलुतं?

"मिळायचं म्हंजी?" सर्जेराव खुशीत म्हणाले होते. "हक्कच हाय त्यांचा. मी कवा न्हाई म्हणलो?"

एवढं पुरेसं होतं. आपला हक्क आहे असं प्रामाणिकपणे समजून उचललेली वस्तू चोरीची ठरत नाही. मच्छिंद्रनं फक्त म्हणायचं होतं, बलुतं म्हणून नेलं. आज त्याचा जबाब होता, आणि लगेच युक्तिवाद.

बेलसरे मच्छिंद्रला घेऊन कोर्टात आले, तेव्हा आवारातल्या टपरीवर सर्जेराव आधीच बसले होते. त्यांनी स्वतःच हाक मारली.

"या वकीलसाहेब, च्या घ्या. मी काय या पोराच्या मुळावर उठलोय व्हय? बलुतं म्हणून नेलं म्हणू द्या त्याला. मी आत्ता तडजोडीवर सही करतो." मग मच्छिंद्रकडे वळून ते म्हणाले, "का रं रेल्वेवाल्या? पुढच्या सुगीला बी ये की खळ्यावर. तुझा वाटा काढून ठिवतो."

"आन् तुमचं मेल्यालं ढोर कोण वढणार, आप्पा?" मच्छिंद्रनं विचारलं.

सर्जेराव हसले. "ते गावाचं चालतंय तसं चालंल की."

मच्छिंद्र तिथून निघाला. बेलसरे त्याच्यामागून गेले. सोजरबाई भिंतीच्या सावलीला बसली होती.

"ऐक," बेलसरे म्हणाले. "एक शब्द आहे. तो म्हणालास की मोकळा होशील."

"साहेब, बापानं धम्म घेतला त्या साली गावकी सोडली. ढोर वढायचं सोडलं, सांगावे न्यायचं सोडलं, बलुतं बी सोडलं. गावानं आमची पान्याची वाट बंद केली, तरी पुन्हा हात पसरला न्हाई. आन् मी सरकारी कागदावर लिहून देऊ, बलुतं नेलं म्हणून? ती माझ्या आईची मजुरी हाय."

"म्हण की रं," सोजरबाई म्हणाली. "पोतं माझं, पाठ माझी मोडली. माझी हरकत न्हाई. तुझ्या बापाला जाऊन सतरा वर्सं झाली, त्यो काय बघाय येतोय?"

"तू गप बस, आई."

"बसते. नोकरी गेल्यावर तू बी बस माझ्याजवळ, दोघं मिळून गप बसू."

बेलसऱ्यांना हसू आलं, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचलं नाही. ते दमले होते. गरिबाला वाचवायचं तर कायद्याची जी फट सापडेल तिच्यातून त्याला बाहेर ओढायचं, या एका समजुतीवर त्यांची इतकी वर्षं गेली होती. खरं काय ते ज्याला परवडतं त्यानं बोलावं, असं ते मानत. कितीतरी जणांना त्यांनी पढवलं होतं, आणि ती माणसं पाया पडून घरी गेली होती. त्यांतल्या कोणाला काय गिळावं लागलं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं का, हेही त्यांना नीट ठरवता येत नव्हतं.

जबाबाच्या वेळी मॅजिस्ट्रेटनी मच्छिंद्रला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "पोतं नेलं. ती आईची मजुरी व्हती." मॅजिस्ट्रेट तरुण होते, वाईट नव्हते. त्यांनी कागदावरून मान वर केली. "गावच्या रिवाजाप्रमाणे आपला वाटा समजून नेलं, असं म्हणायचं आहे का?"

"न्हाई साहेब. मजुरी."

मॅजिस्ट्रेटनी बेलसऱ्यांकडे पाहिलं. बेलसरे युक्तिवादाला उठले. आरोपीनं नाकारलं तरी वकिलाला पर्यायी मुद्दा मांडता येतो. मजुरी सिद्ध झाली नाही असं कोर्टाला वाटलं, तर निदान बलुत्याचा हक्क धरावा, आणि तो तर फिर्यादीनंच कबूल केला आहे. वाक्य तयार होतं. मागच्या बाकावर सर्जेराव पुढे सरकून बसले होते; त्यांनाही तेच ऐकायचं होतं.

बेलसऱ्यांनी मजुरीचा मुद्दा मांडला. चोर दिवसाढवळ्या, माणसांसमोर, एकच पोतं नेत नाही, हे सांगितलं. मग त्यांनी हातातले कागद मिटले.

"आणखी काही?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"नाही," ते म्हणाले, आणि खाली बसले.

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल झाला. मजुरी शाबीत नाही, चोरी शाबीत. कोर्ट उठेपर्यंत कैद आणि किरकोळ दंड. मच्छिंद्रला संध्याकाळपर्यंत कोर्टातच बाकावर बसवून ठेवलं. बेलसऱ्यांचं काम संपलं होतं, तरी ते त्याच्या शेजारी जाऊन बसले. समोर कुणाच्या तरी बांधाचा खटला चालू झाला होता.

"तुम्ही त्ये बोलला न्हाई," मच्छिंद्र हळू आवाजात म्हणाला.

"नाही."

"बोलाल असं वाटलं व्हतं."

"मलाही."

मग मच्छिंद्र म्हणाला, "गँगच्या मुकादमाला सांगाय पायजे. उद्या दुसऱ्याकडून कळण्यापरीस."

बेलसऱ्यांनी मान हलवली. आपण याचं भलं केलं की याची नोकरी घालवली, हे त्यांना कळत नव्हतं. पुण्याला अपील करता येईल, पण तिथेही पुरावा हाच, कस्तुराबाई तीच.

कोर्ट उठलं. बाहेर सोजरबाई उभी राहिली होती. तिनं मुलाकडे न बघता वकिलांनाच विचारलं, "पुन्याच्या कोर्टात तरी सांगाल का त्यो शबुद?"

बेलसऱ्यांनी मच्छिंद्रकडे पाहिलं. तो पायांत चपला घालत होता.

"नाही, बाई."

"मंग त्या कस्तुरीलाच खरं बोलाय लावाय पायजे," ती म्हणाली आणि पदर खोचून त्या दोघांच्या पुढे चालू लागली.